सहा महिने भरले, आता घास कुणी द्यायचा?

आम्हा अंगणवाडीवाल्या बायकांची महिन्याला एक मीटिंग असते. विषयपत्रिकेवर पाच-सहा विषय असतात, ते अर्ध्या तासात उरकतात. मग डबे उघडतात आणि किस्से सुरू होतात. डबे संपतात, किस्से संपत नाहीत. एकीनं शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवत काहीतरी सांगायचं, की दुसरी लगेच म्हणते, हे तर काहीच न्हाय, माझ्या गावात काय झालं ते ऐक. वीस-बावीस वर्षं ही नोकरी केल्यावर माझ्याकडं आता इतके साठलेत, की घरात सांगायला बसले तर आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

मी सास्तूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गाव मला 'बाई' म्हणतं. माझ्यासंगं मदतनीस काशीबाई. शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या घरात कुणाचं कुणाशी वाजलंय, हे तिला तोंडपाठ. पोरांना शिकवणं, वजनं घेणं, खिचडी शिजवणं ही आमची रोजची कामं. पण सगळ्यात अवघड काम कोणतं विचाराल, तर सहा महिन्यांच्या लेकराला पहिला घास सुरू करायला लावणं. ऐकायला किती सोपं आहे बघा. सहा महिने फक्त आईचं दूध. सहा पूर्ण झाले की दूध चालूच ठेवायचं आणि वरनं मऊ अन्न द्यायचं. एका ओळीचं काम. त्या एका ओळीपायी माझ्या चपलांचे किती जोड गेले, ते माझं मला माहीत.

काही घरांना लई घाई, काही घरांना लई उशीर. बरोबर वेळेला सुरू करणारं घर भेटलं, की मी आणि काशीबाई आधी एकमेकींच्या तोंडाकडं बघतो.

*

घाईवाल्यांपासून सुरू करते.

गावात शिवलिंगप्पांचं किराणा दुकान आहे. दुकानातच, त्यांच्या बैठकीशेजारी, नातवाचा पाळणा टांगलेला. नातू साडेतीन महिन्यांचा. मी साखर आणायला गेले, तर अप्पा बशीतल्या चहात बोट बुडवायलेत आणि नातवाच्या ओठाला लावायलेत. पोरगं मिटक्या मारायलंय. मी म्हटलं, अप्पा, हे काय चाललंय? तर म्हणाले, "काय न्हाय बाई, उगं चव दावायलोय."

मी तिथंच उभी राहून सगळं ऐकवलं. लेकराच्या पोटाची अजून तयारी नाही, चहानं भूक मरते, दूध कमी पितंय. चार गिऱ्हाइकं सामान घ्यायचं सोडून ऐकत उभी राहिली. अप्पांनी मान डोलावली आणि महादेवाची शपथ घेतली, की चहा बंद.

आठ दिवसांनी परत गेले. चहा खरंच नव्हता. अप्पांच्या बोटाला मध होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याआधी तेच म्हणाले, तुमी चहाचं बोलला व्हता, मधाचं कुठं बोलला?

मग मी पुडी बांधायचा कागद मागून घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहून दिलं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत चहा नको, मध नको, बिस्किट नको, गुळाचं पाणी नको, साधं पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाचं होईपर्यंत नको. अप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि पाळण्यावरच्या भिंतीला चिकटवला. माणूस व्यापारी. एकदा लिखापढी झाली की शब्दाला पक्का. पुढं त्यांची स्वतःची बहीण कर्नाटकातल्या आळंदहून आली आणि लेकराला साखर चाटवायला लागली, तर अप्पांनी तिला कानडीतनं असं काही झापलं, की ती पाळण्यापासनं उठून थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली.

पुढं सव्वादोन महिन्यांनी एका सकाळी सात वाजता दार वाजलं. मी तोंड धुवत होते. दारात अप्पा, कडेवर नातू आणि दुसऱ्या हातात तो कागद.

"बाई, आज सहा भरले. फाडू का आता?"

*

आता उशीरवाले. त्या साली धोंड्याचा महिना आला होता, म्हणजे अधिक मास. त्यातच पार्वतीबाईंच्या नातवाचे सहा महिने पूर्ण झाले. मी उष्टावणाची आठवण द्यायला गेले. पहिल्या घासाचा तो छोटासा कार्यक्रम. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, खीर चाटवायची. पार्वतीबाई म्हणाल्या, धोंड्यात शुभकार्य करत नसतेत. वर त्यांचा हिशेब असा, की हा महिनाच मुळात जास्तीचा. तो लेकराच्या वयात धरायचाच नाही. म्हणजे लेकरू अजून पाच महिन्यांचंच.

मी समजावून समजावून थकले. म्हटलं, महिना पंचांगात जास्तीचा असंल, लेकराच्या पोटात कसा जास्तीचा असंल? ऐकेनात. आणि बोलता बोलता सारखं त्यांचं लक्ष आत. आतून तुपाचा खमंग वास यायलेला. बघते तर पुरणाचे धोंडे व्हायलेत, परातीत अनारसे रचलेत. जावई आले होते धोंड्याच्या जेवणाला. ओसरीवर पाट मांडून त्यांना बसवलेलं होतं आणि सासूबाई एकेक पदार्थ स्वतःच्या हातानं वाढत होत्या.

काशीबाई दारातच टेकली होती. तिनं जावयाच्या ताटाकडं बघितलं, मग पाळण्याकडं बघितलं.

"पार्वताक्का, चाळीस वर्षांच्या जावयाला धोंड्यात पोट फुटंस्तोवर चारताव, आन् सहा महिन्यांच्या नातवाला उपाशी ठिवताव व्हय?"

जावईबापूंना असा ठसका लागला, की पाणी द्यायला घरातली सगळी माणसं धावली. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर पार्वतीबाईंनी निकाल दिला, की कार्यक्रम धोंडा सरल्यावर आणि घास आजपासनं. मी ताबडतोब वाटी मागितली, भात वरणात कुस्करला, वर तुपाची धार धरली आणि चमचा त्यांच्याच हातात दिला. पुढच्या महिन्यात वाजतगाजत उष्टावण झालं. तेव्हा त्या लेकरानं खीर काही चाटली नाही. त्यानं वाटीच ओढून घेतली.

*

तसाच जुळ्यांचा एक आहे. आमच्या गल्लीतल्या शोभाला जुळी झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. आता रीत अशी, की मुलाचं उष्टावण सम महिन्यात करायचं आणि मुलीचं विषम महिन्यात. शोभाच्या सासूनं ठरवून टाकलं, पोरीला पाचव्यात आणि पोराला आठव्यात. एक लवकर, एक उशिरा. लेकरं जन्मली दहा मिनिटांच्या अंतरानं आणि त्यांच्या जेवणात अंतर तीन महिन्यांचं!

मी तक्ते नेले, पुस्तक नेलं, एकदा नर्सबाईंना घेऊन गेले. सासूबाई प्रत्येक वेळी चहा पाजायच्या आणि शेवटी म्हणायच्या, तुमचं पुस्तक खरं, पर आमची बी रीत खरीच. शोभा बिचारी माझ्याकडं बघत राहायची. पाचवा महिना अर्धा सरला तशी माझी धांदल उडाली.

एक दिवस काशीबाई माझ्यासंगं आली. तिनं सासूबाईंच्या पुढं मांडी घातली आणि बोटं मोजायला लागली. सहा महिने पुरे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? पोराचे सहा भरलेले असतात. झालं सम. आणि पोरीला सातवा लागलेला असतो. झालं विषम. मग दोघांचे पाट एकाच दिवशी शेजारी शेजारी मांडायला काय हरकत हाय?

सासूबाईंनी स्वतःच्या बोटांवर मोजून बघितलं. मग सुनेला मोजायला लावलं. मग म्हणाल्या, असं आमाला आधी कुणी नीट सांगितलंच न्हाय. वीस वर्षं तक्ते लावून मला जे सुचलं नव्हतं, ते चौथी शिकलेल्या बाईनं दोन मिनिटांत करून दाखवलं. तेव्हापासून मी हाच हिशेब घरोघर सांगते. मागच्या वर्षी आमच्या नव्या सुपरवायझर मॅडमनी ऐकला आणि लिहून घेतला. विचारायला लागल्या, हे कोणत्या मार्गदर्शिकेत आहे?

मी म्हटलं, आत भांडी घासायलीय ती मार्गदर्शिका. बोलावू का?

*

कधी सुरू करायचं, हे एकदा पटलं, की कसं द्यायचं हा दुसरा घोळ. आमच्याकडं लेकराला वरणाचं पाणी द्यायची लई हौस. भांड्यातलं वरचं पाणी लेकराला आणि खालची डाळ घरच्यांना. मी कंठशोष करून सांगते, की पातळ नको. चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये, इतकं घट्ट पाहिजे. बायका हो हो म्हणतात आणि पाणीच देतात.

एकदा आयांच्या मीटिंगला एका पोराची आई आजारी म्हणून बाप आला. सलीम. गवंडीकाम करतो. सगळ्या बायकांत एकटा, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मी चमचा तिरका करून दाखवला, तसा त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "समजलं बाई. सिमेंटचं पाणी न्हाय पायजे, जोडाईचा माल पायजे."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात गावंच्या गावं नव्यानं बांधली गेली. बांधकामाची भाषा इथं लहानथोरांना कळते. सगळ्या बायकांनी एकदम माना डोलावल्या. जे मी दहा वर्षं सांगत होते, ते त्या एका वाक्यात गावाला कळलं. आता मीसुद्धा तसंच सांगते. त्याचं लेकरू दोन महिन्यांत असं बाळसं धरून आलं, की मला वाटलं, चला, एक घर तरी मार्गी लागलं.

पण मग त्याची बायको रुखसाना तक्रार घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुमी ह्यांना काय शिकवलंय? रोज कामावर जाताना लेकराची वाटी बघतेत, चमचा वाकडा करतेत, आन् म्हणतेत, आज पाणी जास्ती झालंय, परत कालव."

*

एक बारका किस्सा. नवी सून मोबाइल घेऊन आली. त्यात लिहिलेलं, पहिला घास ॲव्होकॅडोचा द्यावा. मला विचारायला लागली, हे उमरग्याला मिळंल का सोलापूरलाच जावं लागंल? मी काही बोलायच्या आत काशीबाईनं मोबाइल हातात घेतला, फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि परत देऊन टाकला. म्हणाली, कच्चंच हाय ते अजून. तवर घरचं केळ दे.

*

हा माझा नाही, माझी ट्रेनिंगची मैत्रीण मंगल हिचा आहे. मंगलची अंगणवाडी उमरग्याच्या बाजूला, अगदी हायवेला लागून. तिथं एक पोरगं होतं दहा महिन्यांचं. घरात बसवलं की तोंड उघडायचं नाही. आजीनं एकदा सहज रस्त्याकडंला बसवून वाटी घेतली, तर ट्रक आला की पोरगं 'आ' करायचं. ट्रक गेला की तोंड बंद. आजीला वाट सापडली. रोज सकाळी अकराला चिंचेखाली बसायचं. एक ट्रक, एक घास. हैदराबादकडनं येणारे आणि सोलापूरकडनं येणारे धरून वाटी वीस मिनिटांत रिकामी.

मंगलनं तिला लाख वेळा सांगितलं, की असं करू नका. लेकराला खेळवत, त्याच्याशी बोलत, त्याच्या भुकेनं खाऊ द्या. आजी म्हणायची, व्हय व्हय. आणि अकराला चिंचेखाली.

मग एक दिवस रास्ता रोको झाला. कशासाठी होता ते मंगलला आठवत नाही, आजीला तर त्या दिवशीसुद्धा माहीत नव्हतं. हायवे एकदम मोकळा. पोरगं वाटीकडं बघायला तयार नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले. भात गार होऊन गेला. आजीनं लेकरू कडेवर घेतलं, वाटी हातात घेतली आणि चालत चालत थेट रस्त्यावर बसलेल्या माणसांपर्यंत गेली. सगळ्यात पुढच्या पुढाऱ्याला म्हणाली, बाबांनो, तुमचं चालू द्या, माझं काय म्हणणं न्हाय. नुसते दहा-बारा ट्रक तेवढे सोडा. लेकराचं जेवण राह्यलंय.

मंगल म्हणते, पुढारी उठून उभाच राहिला, आणि त्यानं स्वतः मोजून बारा ट्रक सोडले.

*

आता ह्या सालचा. ह्यात हसायला मिळण्याआधी दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता.

रेखाची मुलगी आराध्या. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी काट्यावर ठेवली, सहा किलो चारशे ग्रॅम भरली. हसरी पोर. मी रेखाला मऊ भात, वरण, तूप, उकडलेला बटाटा, सगळं समजावून सांगितलं. महिन्यानं परत वजन घेतलं. सहा किलो चारशे. जागचं हललं नव्हतं. तक्त्यावरची रेघ हिरव्यातनं पिवळ्याकडं आडवी निघालेली. मी रेखाला विचारलं, काय काय चारतेस? ती खाली बघायला लागली. काहीच चारत नव्हती. का? तर मामा आला नाही.

आमच्याकडं बऱ्याच घरांत पहिला घास मामाचा. मामानं भाचीला मांडीवर घ्यायचं आणि स्वतःच्या हातानं भरवायचं. रेखाला भाऊ एकच, बालाजी. येरमाळ्याला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. आणि बालाजी रुसलेला. आराध्याच्या बारशाच्या दिवशी पाणी कमी पडलं म्हणून तो जार आणायला गेला. तो येईपर्यंत इकडं पंगत बसली. परत आला तर लोक ताकभातावर पोचलेले. त्याच्यासाठी कुणी ताट राखलं नव्हतं, 'मामा कुठंय' असंही कुणी विचारलं नव्हतं. त्यानं जार खाली ठेवले, भाचीच्या पाळण्याला हात लावला आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता निघून गेला.

रेखाचे सासरे म्हणजे गणपत अण्णा. अण्णा बोलले की घरात विषय संपला. तसा माणूस वाईट नाही. नात दिवसभर त्यांच्याच खांद्यावर. पण रीत म्हणजे रीत. मी तक्ता घेऊन घरी गेले. लेकराचे दंड धरून दाखवले. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं हाय. पर मामा आल्याबिगर घास न्हाय."

मग मामाला बोलवा की, मी म्हटलं. तर म्हणाले, दोनदा निरोप धाडला, आता काय त्याच्या दुकानात जाऊन पाया पडू? रेखाचा नवरा भिंतीला टेकून नखं कुरतडत होता. सासू चुलीपुढनं हलली नाही. रेखा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथं तिचा बांध फुटला.

"बाई, ती माझ्या ताटाकडं बघती. माझा घास माझ्या तोंडात गेला, की तिचं तोंड हालतंय. मला जेवण जात न्हाय."

मी म्हटलं, चोरून दे. कुणाला सांगू नको. पण तिची हिंमत होईना. पहिलाच घास चोरून दिला आणि पुढं पोरीला काही दुखलं-खुपलं, तर आयुष्यभर तिलाच बोल लागणार होता. तिचंही खरं होतं. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर विनाकारण ओरडले.

पुढच्या रविवारी मी आणि काशीबाई एसटीनं निघालो, धाराशिवला गाडी बदलून येरमाळ्याला. आधी येडाईचं दर्शन घेतलं, मग मामाचं घ्यायला गेलो. बालाजी ट्रकच्या चाकापाशी बसलेला, हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला बघून उठला, खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. भाचीचं वजन सांगितलं तसं त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता येतो म्हणणार. तो हात पुसत म्हणाला,

"बाई, माझ्या ताटाची वाट न बघता जेवले. आता माझ्या घासाची वाट कामून बघायलेत?"

आम्ही चहा संपवला आणि उठलो. परतीच्या गाडीत काशीबाई खिडकीला डोकं टेकून म्हणाली, दोघं बी एकाच दावणीचे, कोण आधी मान हालवंल ते बघायचं. मी म्हटलं, तवर ती पोर वाळून जाईल. सोमवारी वजन घेतलं. सहा किलो तीनशे. शंभर ग्रॅम उतरलेलं.

मग मात्र माझं डोकं सटकलं. अण्णांना मी पारापाशी चारचौघांत गाठलं. म्हटलं, अण्णा, तुमचा मान मोठा का ह्या लेकराचा जीव मोठा, एवढं मला सांगा. आराध्या अण्णांच्या खांद्यावरच होती. तिनं हात लांब करून माझ्या वहीतला पेन ओढला आणि तोंडात घातला, चावायला लागली. अण्णांनी तो हळूच सोडवून घेतला, धोतराला पुसला, मला परत दिला आणि चालायला लागले. मी घाबरले. म्हटलं, झालं, हे घर आता आपल्याला बंद.

पण पंधरा दिवसांनी रेखा लेकराला घेऊन वजनाला आली. सहा किलो सातशे.

मी काटा बिघडला म्हणून किलोची साखरेची पुडी ठेवून बघितली. काटा बरोबर होता. मी रेखाला आत नेऊन विचारलं, दिलास ना घास? ती येडाईची आण घेऊन म्हणाली, न्हाय बाई, म्या कायच दिलं न्हाय. मला वाटलं, मग सासूनं दिला असंल. सासूला विचारलं, तर ती दोन्ही कानांना हात लावून माझ्यावरच चिडली. माझी चौकशी अजून चालली असती, पण काशीबाईनं मला बाजूला ओढलं. म्हणाली, वजन वाढायलंय न्हवं? मग पोलीस कामून व्हताव? मी विचारणं सोडलं. पण गाठ सुटली नव्हती. घास उघड सुरू झाल्याशिवाय रेखाच्या जिवाला स्वस्थता येणार नव्हती. तिचं पोट भरंल तेव्हाच, जेव्हा तिची पोर तिच्या शेजारी बसून जेवंल.

अंगणवाडीत आमचा अन्नप्राशनाचा दिवस असतो. मी बालाजीला फोन केला. म्हटलं, हा अण्णांचा उंबरा नाही, सरकारी कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे म्हणून या. मग अण्णांना जाऊन तेच सांगितलं, शब्दानं शब्द तसंच. दोघं येतील याची मला खातरी नव्हती.

दोघं आले. बालाजी पांढरे कपडे घालून, हातात भाचीसाठी चांदीची वाटी. अण्णा येऊन खिडकीशी बसले, तोंड बाहेर. सगळं गाव जमलेलं, कारण गावाला सगळं माहीत होतं. काशीबाईनं आधी कुणालाच काही वाढलं नाही. एकच ताट आणलं आणि बालाजीच्या पुढं ठेवलं. तो बघतच राहिला. कुणीतरी अण्णांना विचारलं, तुमाला वाढायचं का? अण्णा म्हणाले, त्यांचं होऊ द्या, आमी थांबतो. बालाजी खाली मान घालून जेवला. सगळं ताट स्वच्छ केलं.

मग त्यानं आराध्याला मांडीवर घेतलं. रेखानं चांदीच्या वाटीत मऊ भात, मुगाचं वरण, तूप कालवून दिलं. बालाजीनं चमचा पुढं केला. आराध्यानं ओठ घट्ट मिटले. त्यानं परत पुढं केला. तिनं मान फिरवली. सासू म्हणाली, नवखं हाय, घेईल. तिसऱ्यांदा तिनं चमच्याला हात मारला आणि भात मामाच्या पांढऱ्या शर्टावर. बालाजीचे डोळे भरून आले. रेखा तोंडाला पदर लावून उभी. मागं बायका कुजबुजायला लागल्या, की मामाचा घास लेकरू घेईना.

तेवढ्यात खिडकीकडनं शीळ ऐकू आली. बैलाला हौदावर पाणी पाजताना घालतात ना, तसली. बारीक, लांब. आराध्यानं त्या बाजूला मान वळवली आणि एवढं मोठं तोंड उघडलं. बालाजीनं घाईनं चमचा आत घातला. तिनं सराईतासारखा गिळला. शीळ थांबली. तोंड मिटलं.

रेखानं सासूकडं बघितलं, सासूनं माझ्याकडं बघितलं, मी काशीबाईकडं बघितलं. काशीबाई छताचे पत्रे मोजत होती. अण्णा खिडकीतनं बाहेरच बघत होते, पण त्यांचे कान लाल झालेले आम्हाला मागनं दिसत होते.

बारशापासून बालाजी अण्णांशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं दुसरा चमचा भरला, धरून ठेवला आणि मान वर न करता म्हणाला,

"अण्णा, थांबू नका. वाटीत अजून लई हाय."